आतून मोजलेली गिटार

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली जाड तार चढवायला घेतली आणि गिटार डावखुरी निघाली.

घरामागच्या बारा बाय नऊच्या खोलीत त्या वेळी तिघं होती. चाळीस वर्षं दारं-खिडक्या करून निवृत्त झालेला सुतार, त्याची बायको आणि बायकोची धाकटी बहीण. बायकोचा साठावा वाढदिवस होता. अकरा वर्षांपूर्वी सुतार तिच्या गिटारवर बसला होता. अंधारात नव्हे, भर दुपारी, चष्मा लावून. "नवी करून देतो," असं तो तेव्हा म्हणाला. धीर गोळा करण्यात दहा वर्षं पाच महिने गेले, कामात सात महिने. तोवर तिने दुसरी गिटार हातात धरली नाही.

काम चोख होतं. पुढची फळी पावणेतीन मिलिमीटर, सगळीकडे सारखी. बाजूच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या नळीवर वाकवल्या. दोन मोडल्या, पुढच्या दोन वळल्या. तारा अडकवायची पट्टी, म्हणजे ब्रिज, फळीवर चिकटवून चोवीस तास क्लॅम्पमध्ये आवळून ठेवलेला.

"अहो, जाड तार त्या बाजूला कशी?" बायकोने विचारलं.

"ती तिथेच बसतेय. ब्रिजवरची हाडाची पट्टी तशी तिरकी आहे."

"मग पट्टीच उलटी तिरकी आहे."

सुताराने आरसा आत घालून पाहिलं. फळीला आतून चिकटवलेले आधारही उलट होते. त्याने नकाशा समोरून काढला होता, पण फळीवर उतरवला आतल्या अंगाला, जसाच्या तसा. ब्रिज आणि गळ्यावरच्या तारांच्या खाचाही मग त्याच खुणांवरून केल्या. तो मटकन स्टुलावर बसला. बसण्याआधी स्टुलावर काही नाही ना, हे बायकोने पाहून घेतलं.

"दार डावं की उजवं, हे आम्ही खोलीच्या आतून बघून ठरवतो," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत एक दार चुकलं नाही."

"गिटारच्या आत राहायला कोण जाणार होतं? तुम्ही?"

"भाऊजी, आणा इकडे म्हणते मी," मेहुणी म्हणाली.

ती डावरी. लहानपणी ताईची गिटार चोरून उलटी धरून वाजवायची आणि ताईकडून धपाटा खायची. तिने उरलेल्या तारा लावल्या, सूर जुळवले. अकरा वाजता पहिला झंकार निघाला, तेव्हा खिळ्यांचा डबासुद्धा आतून गुणगुणला. तिने दोन ओळी वाजवल्या, थांबली, पुन्हा वाजवल्या.

"ताई, कात्री उलटी, सोलाणं उलटं, सगळं जग उलटं. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सरळ हातात आलं गं!"

"वाढदिवस माझा, केक माझा आणि गिटार हिची," बायको म्हणाली. मग तिला हसू आवरेना. पोट धरून ती कीस पडलेल्या जमिनीवरच बसली. "वाजते मात्र गोड हं, मेली."

सुताराच्या तोंडावर रंग आला. "तुझी राहिलीच की."

"राहिली कशी? हिला साथ कोण करणार? पुढच्या वाढदिवसापर्यंत दुसरी हवी. आणि धीर गोळा करायला सुट्टी मिळणार नाही."

मेहुणी जेवायला थांबली ती संध्याकाळपर्यंत थांबली. गिटार तिने स्वयंपाकघरातही मांडीवरून उतरवली नाही. ब्रिज जागचा हलला नव्हता. फट पडली का म्हणून सुताराने चार वेळा कागदाचा कोपरा त्याच्याखाली सरकवून पाहिला.

साडेपाचला नव्या फळीचे दोन तुकडे बाकावर आले. बायकोने पेन्सिल घेतली आणि एका अंगावर ठळक अक्षरात लिहिलं: बाहेरून. सुताराने फळी उचलली, उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"अगं, हे तू इकडून बघून लिहिलंस की तिकडून?"

शेवटची बातमी हाती आली तेव्हा बाजूच्या दोन पट्ट्या पाण्यात भिजत होत्या आणि फळीवर पहिली खूण व्हायची होती.