सहा महिन्यांचा विरह

"काका, मेणबत्ती लावली तर चालेल का? एकच," काचेपलीकडून गायकाने विचारलं, आणि काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

"अरे, चारही भिंतींना फोम आहे. एक ठिणगी पडली की तू, मी आणि तुझं गाणं, तिघेही एकदम अमर."

गायकाला ते फारच आवडलं असावं, कारण त्याने लगेच वही काढून काहीतरी टिपून घेतलं.

सतरावा टेक चालला होता. एसी बंद, कारण गार हवेत म्हणे भावना गोठते. दिवा अर्धा, कारण उजेडात दुःख लाजतं. काकांचा शर्ट पाठीला चिकटलेला. आणि एवढं करून स्वारीला सर्दी. चार दिवस पहाटे उठून तळ्याकाठच्या पडक्या बंगल्यात जाऊन बसला होता, एकटाच, धुक्यात. प्रेरणा आली की नाही देव जाणे, नाक मात्र गच्च झालं. 'मनात दुःख मावेना' अशी ओळ होती, ती गेले दोन तास 'बदात दुःख बावेदा' अशी येत होती.

"नाक शिंकरून ये जा."

"राहू दे ना काका. खरं आहे ते. रॉ आहे."

"रॉ नाही रे, शेंबूड आहे."

आता काकांचं सव्वीस वर्षं हेच काम. लिफ्टमधल्या सूचना, शाळांची समूहगीतं, खोकल्याच्या औषधाच्या जाहिराती, सगळं या एका खोलीत रेकॉर्ड झालेलं. लिफ्टमधली ती बाई 'कृपया दरवाज्यापासून दूर उभे राहा' म्हणते ना, तिने नऊ टेक दिले होते आणि एकदाही मेणबत्ती मागितली नव्हती. हा गायक मात्र सगळ्यांना सांगत फिरायचा की माझं गाणं एका दमात येतं, आतून येतं, मी फक्त तोंड उघडतो. खरं तर काका तिसऱ्या टेकमधला 'तू', अकराव्यातला 'गेलीस' असं वेचून वेचून जोडायचे, सूर उचलून जागेवर बसवायचे. गायकाला ते कधी कळलं नाही, आणि काकांनी कधी सांगितलं नाही. का? तर तो त्यांचा होणारा जावई होता.

होणारा. तिथेच तर सगळी गोची.

काकांची लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची. लग्न ठरलं, हॉल बघून झाला आणि नेमका तेव्हा हा गडी सुखी झाला. सुखात त्याने चार गाणी केली. चारही पडली. लोकांनी नेटवर गाण्याखाली लिहिलं, आधीचं रडकं गाणं भारी होतं. झालं. याने तिला बागेत बोलावून सांगितलं की आपण सहा महिने भेटायचं नाही, बोलायचं नाही. मला विरह पाहिजे.

तिने घरी येऊन चहा पिता पिता हे सांगितलं तेव्हा काकूंच्या हातातली बशीच थांबली.

"म्हणजे मोडलं का?"

"नाही गं आई, पुढे ढकललंय. त्याला दुःख हवंय."

"दुःख हवंय तर लग्न कर म्हणावं," काका म्हणाले, आणि काकूंनी असं बघितलं की पुढचा चहा त्यांना स्वतःच गाळून घ्यावा लागला.

पण पोरगी ठाम. "बाबा, सहाच महिने. तुम्ही त्याला काही बोलायचं नाही. त्याचं गाणं होऊ दे." तिने आपणहून एकही नियम मोडला नाही. मोडले त्यानेच. दर शनिवारी मेसेज: 'रडतेस का? नेमकी कशी रडतेस?' ती उत्तर पाठवायची, 'आज चौदा चष्मे बसवले. एका आजोबांना पहिल्यांदाच झाडाची पानं सुटी सुटी दिसली.' याचा पुढचा मेसेज: 'हे गाण्यात बसत नाही.'

आणि त्या सहा महिन्यांचा आज शेवटचा दिवस. चार वाजता ती येणार होती, अर्धी रजा टाकून. तारीख ठरणार की नाही, एवढंच काकांना ऐकायचं होतं, म्हणून दात ओठ खाऊन ते सतरा टेक घेत बसले होते.

"काका, तुम्हाला नाही कळायचं," गायक बाहेर येऊन पाणी पिता पिता सांगायला लागला. "दोनशे वर्षांपूर्वी तिकडे विलायतेत कवी होऊन गेले. डोंगर, वादळ, पडके किल्ले, एकटेपणा. तरुणपणीच क्षयाने गेले बिचारे. आज पोरं जी गाणी ऐकतात, रॉक म्हणा, पॉप म्हणा, सगळी तिथूनच आलीत. जळल्याशिवाय गाणं होत नाही."

"क्षयावर आता गोळ्या निघाल्यात."

"तुम्ही ना..."

"हे बघ, दुसरं कडवं. 'धुक्यात गेलीस निघून तू, परतीची वाट उरली ना.' कोण गेली?"

"ती."

"कुठे गेली?"

"म्हणजे... वारली, काका."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ती दुकानात आहे. दुपारी घरी जेवून गेली. दोनदा भात घेतला."

एवढ्यात दार ढकलून ती आलीच. केस वाऱ्याने उडालेले, खांद्याला दुकानाचीच पिशवी. "झालं का गाणं?" तिने विचारलं, आणि इतकं हसून विचारलं की काकांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी प्ले दाबलं. तिने उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकलं.

"मी मेले होय?"

"गाण्यात," गायक घाईघाईने म्हणाला. "बस ना. ऐक. मी परवा यातला छोटा तुकडा फोनवर गाऊन नेटवर टाकला होता. अकरा हजार लोकांनी ऐकला. सगळे लिहितायत, तुझ्या तिच्याबद्दल वाईट वाटलं, सावर स्वतःला. एक मुलगी तर म्हणाली, तुझ्यामुळे मला जगावंसं वाटतंय. आता मी त्यांना काय सांगू? लग्नाचा फोटो कसा टाकू? तर मी म्हणत होतो... अजून सहा महिने."

काका खुर्चीतून उठलेच होते. तिने नुसता हात वर केला, त्यांच्याकडे न बघता. ते परत बसले.

"कशाने गेले मी?"

"ते सांगितलं नाहीये. नुसतं धुकं आहे."

"बरं." ती त्याच्याजवळ गेली. "चष्मा काढ."

"का?"

"काढ तरी."

त्याने काढला. तिने तो डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला, पिशवीतून बारका स्क्रूड्रायव्हर काढला, एक काडी अंगठ्याने हलकेच दाबून वाकवली, नाकाजवळचे दोन्ही पॅड सारखे केले, ओढणीने काचा पुसल्या आणि चष्मा त्याला परत घातला.

"कानामागे टोचत होतं ना?"

"हो. कधीपासून."

"आता नाही टोचणार. पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्याही दुकानात करून घे. सगळीकडे करून देतात."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले, खरोखरचे, आणि त्याने घाईघाईने माइककडे बघितलं. "काका, आत्ता घ्या. आत्ता येईल."

"तुझं झालंय," काका म्हणाले. "घरी जा. वाफ घे."

तो गेला. बाहेरचं दार लागलं. ती आत जाऊन माइकसमोरच्या स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, काचेकडे पाठ करून.

"तुम्ही करा तुमचं काम," ती म्हणाली. "मी बसते जरा."

काम एकच उरलं होतं. प्रत्येक गाण्यानंतर रिकाम्या खोलीची शांतता अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ठेवावी लागते. पुढे जोडताना शब्दाशब्दांमधल्या फटी त्या शांततेनेच बुजवायच्या. आता खोली रिकामी नव्हती.

"अर्धं मिनिट बोलायचं नाही हं," काका म्हणाले.

तिने मान हलवली. त्यांनी बटण दाबलं, हेडफोन घातला. स्क्रीनवरची आवाजाची रेघ सपाट चालली होती. मग एकदा हलली. पुन्हा हलली. काकांनी मान वर केली नाही. तीस सेकंद झाले, चाळीस झाले, मिनिट झालं, आणि त्यांनी ते चालूच ठेवलं.