हळद लागलेला उमेदवार

चंद्राबाईनं ओल्या हळदीत बोटं बुडवली आणि खासदारकीला उभ्या राहिलेल्या प्रवीणशेठच्या दोन्ही गालांवरून सावकाश फिरवली. त्याचा कार्यकर्ता सुनील फटाफट फोटो काढत होता. सीमेवर लढाई चाललेली, त्यामुळे ढोल, फटाके, भोंगे सगळं बंद. प्रचाराला उरला होता तो लग्नात धवले गाणाऱ्या चंद्राबाईचा, पोशीरच्या धवलारणीचा गळा. आणि तिनं बजावलं होतं, हळदीबिगर या टायमाला मी धवला धरायची नाय.

मागच्या खासदारासाठी तिनं हळदीशिवायच गायलं होतं. तो निवडून गेला आणि लढाई पेटताच ‘मनाला पटत नाही’ म्हणून राजीनामा देऊन मोकळा झाला. तेव्हापासून शेजारची बायजा पाणी भरताना विचारायची, "चंद्रे, तुझा नवरदेव कुठं गं पळाला?" चाळीस वर्षांत चंद्राबाईनं गायलेलं एक लग्न मोडलं नव्हतं. पण बायजानं आपल्या लेकीच्या, सुरभीच्या लग्नासाठी धवलारीण नेरळहून ठरवली होती.

चंद्राबाईनं डोळे मिटले.

हळदीनं पिवला झाला गो, नवरा माझा भोला
मांडवाच्या भाईर गो, पाय नको टाकू बाला

गाणं संपलं तसा प्रवीणशेठ उठला.

"निघतो मावशे. चारला खालापुरात सभा हाय."

चंद्राबाई उंबऱ्यावर पाय पसरून बसली.

"हळद लागल्यावर नवरा गावची येस वलांडत नाय. लगीन लागंपर्यंत."

"माझं कुठं लगीन हाय गं?"

"मतदान हाय ना, आठ दिसांवर."

सुनील हसला. मग त्याचा फोन वाजला आणि हसू जिरलं. फोटो त्यानंच तालुकाभर पाठवले होते. पळसदरीच्या बाया विचारत होत्या, हळदीचा माणूस आमच्या गावात कसा आणता? त्यांच्यामागोमाग प्रवीणशेठच्या आईचा फोन.

"पोशीरच्या भाईर पाय टाकलास, तर माझ्या दारात येऊ नको रं."

प्रवीणशेठ खाली बसला. सुनील एकटाच खालापूरला गेला.

चंद्राबाईनं पाहुण्यापुढं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी ठेवली. कुडाच्या फटीतून बघणारी बायजा शेवटी दारात आलीच.

"त्या नेरळवालीला नको सांगते. सुरभीच्या हळदीला तूच ये गं."

"बघते," चंद्राबाई भाकरी उलटत म्हणाली. "सध्या घरात नवरदेव हाय."

दिवस मावळता मावळता सुनील परतला. तोंड उतरलेलं.

"शेठ, लढाईपायी पोटनिवडणूकच पुढं ढकलली."

"कधीवर?"

"तारीख दिली नाय."

चंद्राबाईनं प्रवीणशेठकडं पाहिलं, मग तांदळाच्या डब्याकडं, मग दारापुढच्या, नांगरायला टेकलेल्या खाचराकडं. बराच वेळ ती पदराला बोटं पुसत राहिली.

"शेठ," तिनं विचारलं, "भाताच्या लावणीचा हात हाय का तुमाला?"

प्रवीणशेठनं खाली वाकून पायातले मोजे काढले.