तिसरी रेघ

“हलू नकोस,” ड्वेन म्हणाला.

एल्डन हलला नव्हता. तासभर तो दगडगोट्यांवर पालथा पडून होता. बरगडीखाली एक टोकदार दगड होता, आणि त्याच्याशी आता चांगला परिचय झाला होता.

“मी हललो नाही.”

“हलणार होतास. मला कळतं.”

दरीच्या पलीकडच्या उतारावर, चारशे यार्डांवर, एक रानमेंढा पाय दुमडून रवंथ करत बसला होता. शिंगं कानांमागून वळसा घेऊन पुन्हा गालांपाशी आलेली. बसलेल्या मेंढ्यावर गोळी झाडायची नाही, तो उठून कूस दाखवीपर्यंत थांबायचं, हा ड्वेनचा नियम. मेंढ्याला तो माहीत असावा. त्याला अजिबात घाई नव्हती.

हा मेंढा मारण्याचा परवाना आमच्या वायोमिंगमध्ये सोडतीत लागतो, आणि लागलाच तर जन्मात एकदा. एल्डन टिबेट्स हा काउंटीचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवायचा. चोवीस वर्षं त्यानं अर्ज केले आणि चोवीस हिवाळे बर्फ ढकलताना केबिनमध्ये बसून एकच चित्र पाहिलं: डोंगर, मेंढा, आपण, आणि कुणीही बोलत नाही. त्या चित्रात ड्वेन नव्हता.

ड्वेन म्हणजे एल्डनच्या बायकोचा, ग्लेंडाचा, धाकटा भाऊ. त्याचं टायरचं दुकान. सोडतीचा निकाल ग्लेंडानं पाहिला, आधी भावाला फोन केला आणि मग नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत दुकानात कॉफीच्या मशीनच्या वर, मेंढ्याचं मुंडकं अडकवायला, जाडजूड खुंटी ठोकून झाली होती.

“तुमच्या घरात कुठं लावणार? सगळ्या भिंतींवर ग्लेंडाच्या शोभेच्या बशा,” ड्वेननं समजावलं होतं. “इथं गिऱ्हाईक बसल्या बसल्या बघेल. खाली तुझं नाव घालू की. बारीक.”

“मी एकटा जाईन म्हणत होतो,” एल्डन ग्लेंडाला म्हणाला होता.

“या गुडघ्यांनी? आणि तो बिचारा एवढा नाचतोय. त्याला ने.”

एल्डन “बरं” म्हणाला. ग्लेंडाच्या माहेरच्यांशी लग्नापासून त्याचं जे काही बोलणं झालं, त्यातला मोठा भाग हाच.

मग ड्वेननं रायफलीवर बसवायला नवी दुर्बीण आणली. एल्डनच्या जुन्या रायफलीवर जुनी दुर्बीण होती, आत साधी फुली. जनावर लांब असेल तर फुली त्याच्या पाठीच्या जराशी वर धरायची, अंदाजानं. ड्वेनला हे ऐकून लाज वाटली. गोळी लांब जाता जाता खाली येते, एवढं आमच्याकडे शाळेआधी कळतं; भांडण आहे ते पुढं काय करायचं यावर. काही जण दुर्बिणीवरची चकती फिरवून ती घट भरून काढतात. काही जण चकतीला हात न लावता, फुलीच्या खाली शिडीसारख्या रेघा असतात, त्यातली अंतराप्रमाणे एक निवडून जनावरावर टेकवतात. गावात लुथरन आणि बॅप्टिस्ट चर्चवाले एका टेबलावर जेवतात. हे दोन पंथ जेवत नाहीत.

ड्वेन कट्टर रेघवाला. सगळा ऑगस्ट त्यानं कचरा डेपोमागं एल्डनची रायफल स्वतः झाडून रेघा पक्क्या केल्या. “फुली शंभराला, पहिली दोनशे, दुसरी तीनशे, तिसरी चारशे. तू डोकं चालवायचं नाहीस. मी सांगेन ती रेघ धरायची आणि चाप ओढायचा.”

अट एकच होती. चित्र मोठं-लहान करायला दुर्बिणीवर एक कडं होतं. ते फिरवलं की डोंगर लहान-मोठा होई, रेघा मात्र होत्या तशाच राहत. त्यामुळे चित्र सगळ्यात मोठं असेल तेव्हाच त्या रेघा खरं बोलत. चित्र लहान करून तीच रेघ धरली, तर गोळी जनावराच्या डोक्यावरून जाई. म्हणून ड्वेननं कडं शेवटपर्यंत फिरवून वर काळी चिकटपट्टी मारली होती. “याला हात लावायचा नाही. माझी शपथ.”

एल्डननं शपथ घेतली नव्हती. त्याला कुणी थांबून विचारलंच नव्हतं.

“फोटोत दुकानाची टोपी घालशील ना?” ड्वेन आता पाठीमागून विचारत होता. “दोन आणल्यात.”

“मला लघवीला लागलीय.”

“धर.”

“कितवी रेघ धरू?”

ड्वेन हसला नाही. शिकारीच्या वेळी तो विनोद चालवून घेत नसे. आपल्या तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून तो हिवाळी टायरांच्या जाहिरातीत मेंढा कसा घालता येईल ते सांगू लागला.

एल्डनच्या दुर्बिणीत नुसती तपकिरी लोकर होती, आणि छातीच्या प्रत्येक ठोक्याला ती उडत होती. एवढ्या जवळून मेंढा दिसत नव्हता. भिंतीवर टांगलेला तो असाच दिसेल. त्यानं अंगठ्याच्या नखानं पट्टीचं टोक उचललं आणि कडं हळूच मागं फिरवलं.

डोंगर आला. मेंढ्यामागची कपार आली, तिच्यात आणखी दोन तरणे मेंढे उभे, खाली पाण्याची ओली पट्टी, वर ढगाची सावली सरकत चाललेली. सगळं चित्र केबिनमधल्यासारखं होतं. फक्त आवाज बंद होत नव्हता.

“उठला!” ड्वेन कुजबुजला आणि एल्डनच्या पाठीवर हात दाबून ठेवला. “तिसरी रेघ. खांद्यामागं. तिसरी, ऐकलंस?”

“ऐकलं.”

कडं पुढं सारायला क्षण पुरला असता. तेही नको तर फुली पाठीच्या जराशी वर धरली असती, जन्मभर धरली तशी, तरी मेंढा पडला असता. आणि दोन्हीकडून तो कॉफीच्या मशीनच्या वर गेला असता. एल्डननं तिसरी रेघ मेंढ्याच्या खांद्यामागं टेकवली. इतकी नेटकी, की ड्वेनला अभिमान वाटला असता.

“हाण!”

मेंढ्याच्या पाठीच्या वरच्या बाजूच्या कातळातून पांढरी धूळ उडाली. मेंढ्यानं मान वळवून धुळीकडं पाहिलं. मग तिन्ही मेंढे कपारीतून वर चढले आणि आभाळात शिंगं दाखवून पलीकडे उतरले. एल्डन ते शेवटपर्यंत बघत राहिला. ड्वेनचा डोळा अजून तिपाईलाच होता, तेवढ्यात एल्डननं कडं पुढं सारलं, पट्टी दाबली, आणि रायफलीचा खटका मागं ओढून बाहेर पडलेली गोळीची रिकामी पुंगळी मुठीत धरली.

“वरनं गेली! तिसरीच धरलीस ना?”

“तिसरीच.”

“खांद्यामागं?”

“तू सांगितलंस तिथंच.”

ड्वेननं रायफल घेतली, कडं तपासलं, ते जागेवर होतं. तो दगडावर बसला. एवढा वेळ गप्प बसलेला त्याला एल्डननं आजवर पाहिलं नव्हतं. आणि आता ती शांतता ऐकायला मेंढा राहिला नव्हता.

“हवा,” शेवटी ड्वेन म्हणाला. “इतक्या उंचावर हवा विरळ. मी खाली डेपोत बसून रेघा जुळवल्या. चूक माझी आहे, एल्डन. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही घेत.”

“परवाना ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. दुकान मी पोरांवर टाकलंय. रोज येऊ, तू काळजीच करू नकोस. पुंगळी कुठंय? दे, दारू घालून पुन्हा भरतो.”

“गेली घरंगळत,” एल्डन म्हणाला.

“अशी कशी जाईल!” ड्वेन गुडघ्यांवर बसला आणि एकेक दगड उचलून बघू लागला. “इथंच असणार. नाही सापडली तर उद्या बघू, उद्या इथंच तर यायचंय.”

एल्डन उभा राहून त्याची वाट बघत होता. हात कोटाच्या खिशात होता, आणि खिशातली पुंगळी अजून कोमट होती.