सात नंबरचा खिसा

मित्रांनो, ज्या काचेच्या कपाटासमोर तुमची शाळेची रांग जेमतेम अर्धा मिनिट थांबते, त्यातली वाकड्या मानेची जुनी कात्री म्हणजे मी. माझ्या पायाशी पाटी आहे: 'युद्धातील परिचारिकेची कात्री. हिने अनेक जवानांचे प्राण वाचवले.' लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण मी कुणाचेही प्राण वाचवलेले नाहीत. मी कपडे कापले. आणि एकदा तर... नको, सगळं क्रमानं सांगते. अडचणीत आलेला माणूस 'कात्रीत सापडला' असं तुम्ही खुशाल म्हणता, तेव्हा एकदा कात्रीची बाजूही ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पोलाद तापवून, ठोकून, घासून मला घडवलं. मान मुद्दाम वाकडी केली आणि खालच्या पात्याचं टोक बोथट ठेवलं, म्हणजे जखमेजवळ कापताना ते कातडीत घुसत नाही. मी हाती आले तेव्हा माझी सिस्टर तेवीस वर्षांची होती. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या कडीत हिरवी दोरी ओवली आणि दुसरं टोक कमरपट्ट्याला बांधलं. वॉर्डात नर्सच्या कात्रीला पाय फुटतात, हे तिला आधीच कुणीतरी बजावलं होतं.

युद्ध सुरू झालं आणि आमची नेमणूक एका शाळेत झाली. हसू नका, शाळेचंच इस्पितळ केलं होतं. बाकं जोडून खाटा, फळ्यावर खाटांचे नंबर, दप्तरांच्या खुंट्यांवर सलाइनच्या बाटल्या. ट्रक आला की माझं काम सुरू व्हायचं. आधी बुटांच्या नाड्या, मग विजारीची शिवण, मग सदरा. कापलेले कपडे मागच्या मैदानात जाळत. पण त्याआधी मेट्रनबाईंचा एक नियम होता. सदऱ्याचा डावा खिसा अख्खा कापून घ्यायचा, आत डोकावायचं नाही, आणि त्याच क्षणी पिनेनं त्या जवानाच्या कांबळ्याला लावायचा.

"खिशात त्याचं घर असतं," मेट्रनबाई म्हणायच्या. "ते जळालं, तर तोंड दाखवायला जागा नाही आपल्याला."

बरा झालेला जवान आपला खिसा हातात घेऊन जाई. जो वाचत नसे, त्याचा खिसा कारकून पाकिटात घालून त्याच्या घरी पाठवी. असे शेकडो खिसे मी कापले, आणि त्याचा मला अभिमान होता.

एका दुपारी तीन ट्रक लागोपाठ आले. सात आणि आठ नंबरच्या खाटांवर दोन जवान बेशुद्ध होते. सातचा खिसा कापून होतोय तोच आठच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडाली. सिस्टरनं हातातला खिसा ॲप्रनमध्ये कोंबला आणि एका हातानं ती जखम दाबून धरली. दुसऱ्या हातानं त्याचा सदरा कापला आणि तो खिसाही ॲप्रनमध्येच टाकला. डॉक्टर येईपर्यंत तासभर तिनं हात हलवला नाही. आठ नंबर वाचला तो त्या हातामुळे. मग तिनं दोन्ही खिसे बाहेर काढले. दोन्ही सारखे, दोन्ही लाल. ती क्षणभर थबकली आणि तिनं ते लावून टाकले. नेमके उलटे.

मला ठाऊक होतं. सातचं कापड धुऊन धुऊन मऊ पडलेलं होतं, आठचं अजून कोरं करकरीत होतं. पात्याला असल्या गोष्टी कळतात. पण मला तोंड आहे ते कापायला, बोलायला नाही. मित्रांनो, आपण मुकी वस्तू आहोत याचं एवढं दुःख मला आधी कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी सात नंबर गेला आणि सकाळच्या गाडीनं पाकीट त्याच्या घरी रवाना झालं. तिसऱ्या दिवशी आठ नंबर शुद्धीवर आला. तो ट्रकचा ड्रायव्हर होता, जरा बडबड्याच. त्यानं खिसा मागून घेतला, उघडला आणि परत सिस्टरपुढे धरला.

"सिस्टर, हे माझं नाही हो."

आत कागदाची पुडी होती. पुडीत एक इवलासा दुधाचा दात, आणि कागदावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं: 'माझा पहिला दात. बाबा, हरवू नका हं. तुमची लेक.'

"तुमच्या खिशात काय होतं?" सिस्टरनं विचारलं.

"बायकोचं पत्र." तो लाजला. "नावबिव नव्हतं घातलेलं. वर 'राजा' आणि खाली 'तुझीच', बास. मधलं आता तुम्हाला काय सांगू?" मग त्याचा चेहरा उतरला. "पण सिस्टर, ते गेलं कुणाच्या घरी?"

विचार करा, नवरा गेल्याची बातमी आलेली आहे. त्याच्या खिशातून दुसऱ्याच बाईचं प्रेमपत्र निघालं आहे. आणि जवळ एक छोटी मुलगी उभी आहे, बाबांनी आपला दात जपला होता का, हे बघायला.

सिस्टर तशीच धावत कारकुनाकडे गेली.

"नावांची वही मुख्यालयात गेली, सिस्टर," तो म्हणाला. "माझ्याकडे आता नुसती तारीख आणि खाटेचा नंबर."

दोन दिवसांत आमचं इस्पितळही पुढं हललं. सिस्टरनं मुख्यालयाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं: 'सदर सामान संबंधित कुटुंबास पोच झाले आहे.' पोच झालं, हेच तर दुखणं होतं.

युद्ध संपलं आणि आम्ही तिच्या भावाच्या घरी आलो. "ताई, आता विसर ते सगळं," भाऊ म्हणाला. वहिनींनी मला स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापायला ठेवलं. एकदा तर माझ्याकडून पत्रा कापून घेतला. मी ब्र काढला नाही, पण अपमान आजही सलतो. चौकात स्मारक उभं राहिलं. त्यावर जवानांची नावं कोरली, नर्स मात्र एकही नाही. दर वर्षी भाषणं व्हायची आणि सिस्टर मागच्या रांगेत उभी राहून ऐकायची.

पन्नास वर्षांनी कुणाला तरी नर्सची आठवण झाली. तिला व्यासपीठावर बसवलं, हातात पुष्पगुच्छ दिला, देवदूत म्हटलं. तिच्या पिशवीत मी होते आणि बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेला सात नंबरचा तो खिसाही होता. इतक्या लोकांमध्ये कुणीतरी त्या घराला ओळखत असेल, अशी तिला आशा होती. ती उठली आणि म्हणाली, "माझ्या हातून एक चूक झाली होती..."

"बघा, आपल्या आजी किती नम्र आहेत!" सूत्रसंचालकानं हसत माइक काढून घेतला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सिस्टर खाली बसली. पिशवीत हात घालून तिनं मला घट्ट धरलं होतं. जखमेवर तासभर न हललेला हात होता तो.

मग संग्रहालयाचे साहेब मला मागायला आले.

"न्या की," ती म्हणाली, "पण हा खिसाही शेजारी ठेवा आणि खरं काय झालं ते लिहा."

"आजी, लोक तुम्हाला देवदूत मानतात. चूक कशाला भिंतीवर लावायची?"

"देवदूतांच्या हातून चुका होत नसतील. मी नर्स होते."

साहेब मान डोलावत ऐकत राहिले आणि मला एकटीलाच घेऊन गेले. इथं मला चकचकीत केलं आणि हिरवी दोरी मळकी दिसते म्हणून काढून टाकली. सिस्टर आता अठ्ठ्याऐंशीची आहे. महिन्यातून एकदा ती काठी टेकत येते. "कुणी काही विचारलं का?" असं पहारेकऱ्याला विचारते. "नाही, आजी," तो म्हणतो. ती माझ्याकडे बघते आणि परत जाते.

म्हणून आज मी बोलते आहे. माझी काच पुसू नका, मला तेलही नको. घरी जाऊन तुमच्या आजीला विचारा, तिच्या मैत्रिणींना विचारा: लहानपणी कुणाच्या घरी युद्धावरून बाबांचा खिसा आला होता का? त्यात परकं पत्र निघालं आणि त्यानंतर घरात बाबांचं नाव कुणी काढलं नाही, असं झालं होतं का? अशी कुणी भेटली, तर तिला सांगा की ते पत्र तिच्या बाबांचं नव्हतं. त्यांच्या खिशात फक्त तिचा दात होता. तो सिस्टरच्या उशाशी, बिस्किटांच्या डब्यात आहे. अजून हरवलेला नाही.