पोपटाची साक्षीदार

ताई लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली आणि आमच्या घरात साधं बोलणं बंद झालं. आईने विचारलं, "चहा घेणार का गं?" की ताई हात वर करायची.

"थांब. हा प्रस्ताव आहे की नुसती विचारणा?"

"हा चहा आहे," आई म्हणायची. "आणि तो गार होतोय."

बाबांचं जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड चढवायचं दुकान आहे आणि आम्ही त्याच्याच माडीवर राहतो. संध्याकाळी कारागीर घरी गेले की खालचं दुकान म्हणजे ताईचं कोर्ट. कापड उसवलेली, स्प्रिंगा वर आलेली मोठी आरामखुर्ची न्यायाधीशांची, कारण तिच्यात बसलेला माणूस टोचायच्या भीतीने फार हलत नाही आणि आपोआप गंभीर दिसतो. कापड कापायच्या टेबलापाशी वकील. आणि खिळ्यांच्या डब्यांशेजारचं उंच स्टूल साक्षीदाराचं.

हे सगळं कशासाठी, तर ताईला नुसतं वाचून काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. करून पाहिलं की राहतं. पोहायलाही ती आधी पाण्यात पडली आणि मग शिकली. करार शिकायचा तर समोर दुसरी पार्टी हवी, आणि घरात फुकट मिळणारी, तोंड चालणारी पार्टी एकच होती. मी! बाबा मला भोंगा म्हणतात. पूर्वी मी चिडायचे. यंदा वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून चिडत नाही. भोंगा तर भोंगा, ऐकू तरी जातो.

मग त्यांच्या करार शिकवणाऱ्या सरांनी वर्गात खोटा खटला लावला. सरांचा एक हट्ट आहे. साक्षीदार कॉलेजातला चालत नाही, प्रत्येक जोडीने बाहेरून आणायचा. कायद्याची पोरं साक्षीला उभी केली की वकिलासारखी उत्तरं देतात, साधं माणूस कसं बोलतं ते वकिलाला कळायला नको का, असं सरांचं म्हणणं.

खटला असा. एका बाईंचा पोपट उडाला. त्यांनी गल्लीभर कागद चिकटवले, पोपट आणून देणाऱ्याला माझी सायकल देईन. शेजारच्या गल्लीतल्या तरुणीने पोपट आणून दिला, तर बाई म्हणाल्या, कसली सायकल? आता करार झाला होता की नव्हता? ताई आणि तिची पार्टनर त्या तरुणीच्या बाजूने.

"भोंगा, तू माझी साक्षीदार," ताई म्हणाली. "रोज प्रॅक्टिस करायची. आणि त्या दिवशी कॉलेजात, सगळ्यांसमोर, स्टुलावर तूच."

मला इतका आनंद झाला की मी गाद्यांच्या ढिगावर उडीच मारली. मग आठवलं. शाळेच्या नाटकात मी इन्स्पेक्टर होते आणि तालमी बरोबर त्याच वेळेला.

"मग बघ बाई," ताई म्हणाली. "दोन्ही नाही जमणार. मला अर्ध्यात सोडून गेलीस तर माझी वाट लागेल."

"मी नाटक सोडते. पण नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की. बाबांना बोलावू साक्षीला?"

मी हसले. "तू माझी ताई आहेस. साक्षीदार कशाला लागतोय?"

दुसऱ्या दिवशी मी नाटकाच्या बाईंना सांगून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि इन्स्पेक्टरची टोपी माझ्या वर्गातल्या एका मुलीला दिली. तिला आम्ही पिपाणी म्हणतो. टोपी तिच्या डोळ्यांवर येत होती. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. बरं, जरासं वाटलं.

त्या प्रॅक्टिसा काय रंगायच्या! विरुद्ध बाजूचा वकील बाबा. हातात टाके घालायची मोठी सुई, तीच नाचवत ते मला दरडावायचे. त्यांच्या बाजूचा सगळा जोर एकाच प्रश्नावर होता.

"काय हो, पोपट भिजलेला होता, कुडकुडत होता. तुम्हाला दया आली, म्हणून तुम्ही तो परत दिलात. सायकलीशी त्याचा काय संबंध?"

ताईने मला शिकवलेलं उत्तर होतं, "मी कागद आधी वाचला होता, सबब माझी स्वीकृती वैध आहे." ते माझ्या तोंडात बसेना. माणूस असं बोलतं का? मी स्टुलावर बसून पाय हलवत विचार करत होते, आणि एकदम सुचलं.

"सायकल हवी होती म्हणून गेले," मी म्हटलं. "आणि सायकल नसती तरी गेले असते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही का?"

बाबांची सुई हवेतच राहिली. ताई टेबलावरून उतरली, माझे गाल ओढले आणि म्हणाली, "अगं, हेच! हेच तर! कागद वाचलेला असला की बास, मनात आणखी काय होतं याला काही महत्त्व नाही. कुठून आणलंस हे?"

कुठून आणणार? खरंच होतं ते. मी ताईला मदत करत होते, कारण मला त्या स्टुलावर बसायचं होतं. आणि स्टूल नसतं तरी केली असती. पण ते काही मी बोलले नाही. तरुणीचा एक हात सारखा खांद्याकडे जातो, तिथे पोपटाने चोच मारलेली असते, हेही मीच शोधून काढलं.

खटल्याच्या दिवशी मी आईचा निळा कोट घातला, केस वर बांधले, शाळेत रजेची परवानगी काढलेलीच होती, आणि जिना उतरून खाली आले. दुकानात ताई नव्हती.

"ती मघाशीच गेली," आई म्हणाली. "म्हणाली, तुझं आज रद्द झालंय, शाळेत जा. तुला सांगितलं नाही तिने?"

मला वाटलं, काहीतरी घोळ झालाय. अजूनही माझ्या डोक्यात घोळच होता बघा! मी तशीच बस पकडून कॉलेज गाठलं. वर्गाचं मागचं दार उघडं होतं. शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

पुढे उंच खुर्चीवर एक मुलगी बसली होती. सुंदर, मोठी, नाटकात काम करते हे बघताक्षणी कळावं अशी. नंतर कळलं, ताईच्या पार्टनरची मामेबहीण. तिचा एक हात सारखा खांद्याकडे जात होता.

विरुद्ध बाजूच्या मुलाने तोच प्रश्न विचारला. दया, पोपट, सायकलीशी काय संबंध. ती मुलगी क्षणभर थांबली. मी ज्या जागी थांबते, तिथेच.

"सायकल हवी होती म्हणून गेले. आणि सायकल नसती तरी गेले असते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही का?"

सगळा वर्ग हसला आणि मग टाळ्या. सर म्हणाले, "साध्या माणसाचं उत्तर याला म्हणतात. कुणी लिहून दिलं का?"

"नाही सर," ताई म्हणाली. "त्यांचं त्यांनाच सुचलं."

उत्तर माझं होतं! ओरडावंसं वाटलं. आणि मी, भोंगा, माझ्या तोंडातून आवाजच निघेना.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. शेजारी पार्टनर उभी होती.

"ताई, तू म्हणाली होतीस मी."

ताईचा चेहरा पडला, मग तिने पार्टनरकडे पाहिलं आणि तो पुन्हा उचलून जागेवर लावला. "अगं, शाळेतली मुलगी उभी केली तर पोरखेळ वाटला असता. सगळ्यांनी आमचाच पोपट केला असता."

"मग आधी का नाही सांगितलंस? मी नाटक सोडलं."

"ही कोण, तुझी क्लायंट?" पार्टनर हसत म्हणाली. "करारभंगाची केस दिसतेय."

आणि ताईही हसली. "केस कसली! घरातल्या घरात दिलेला शब्द म्हणजे करार नसतो. आणि हिचा तर कसलाच करार होत नाही, ही मायनर आहे."

दोघी हसतच राहिल्या. माझी साक्ष चोरली ती चोरली, त्याला मी एक वेळ माफ केलं असतं. पण कायद्याचं जे मी तिच्याबरोबर बसून पाठ केलं होतं, त्याचंच कुलूप करून तिने माझ्या तोंडाला लावलं, आणि तेही दुसऱ्यांना हसवायला.

त्या दोघींचा पहिला नंबर आला. घरी सगळे खूश. बाबांनी मला विचारलं, "काय गं भोंगा, आज गप्प?" मी म्हटलं, घसा बसलाय. खरं काय ते आईला आणि बाबांना ताईने सांगावं, असं मला वाटत होतं. मी जेवण संपेपर्यंत वाट पाहिली. ती काही बोलली नाही.

शाळेत पिपाणीकडून टोपी परत मागायचा प्रश्नच नव्हता. तिची टोपी आता आतून कागद भरून नीट बसवलेली होती. नाटकाच्या बाईंनी मला पडदा ओढायचं काम दिलं. दोरी खरखरीत आहे, पण काम वाईट नाही.

परीक्षा आली तशी ताई पुन्हा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "भोंगा, येतेस का खाली? तू समोर नसलीस की माझ्या डोक्यात काही शिरत नाही गं."

मी गेले. स्टुलावर नाही बसले. सरळ न्यायाधीशांच्या खुर्चीत बसले. स्प्रिंग टोचली, तरी हलले नाही.

"मायनरशी केलेला करार," मी म्हटलं. "सांग."

"तो मायनरवर बंधनकारक नसतो," ताई पुटपुटली.

"का?"

"कारण… मायनरला आपलं हित नीट कळत नाही, त्याला कुणी फसवू नये म्हणून."

"कुणी म्हणजे कोणी?"

ताई टेबलावरची खडूची रेघ बोटाने पुसत राहिली. "मोठ्यांनी," ती म्हणाली.

"आणि मोठ्यांनीच तो नियम पुढे करून हात झटकले तर?"

"भोंगा, पुरे ना. चुकलंच माझं. मला लाज वाटत होती, पार्टनरसमोर मला नाही म्हणता आलं नाही." मग जरा धीर करून, "पण खरं सांग, स्टुलाचं काही ठरलं नसतं तरी तू मदत केलीच असतीस ना?"

"केली असती," मी म्हटलं. "पण ठरलं होतं."

ती माझ्या खुर्चीशी येऊन उकिडवी बसली. नाकाचा शेंडा लाल झाला होता. "पुढच्या वर्षी पुन्हा खटला असतो. तेव्हा तूच. कुणी काहीही म्हणू दे. नक्की म्हणजे नक्की."

अगदी तेच शब्द, त्याच आवाजात. मागच्या वेळी याच शब्दांवर मी गाद्यांच्या ढिगावर उडी मारली होती. ढीग अजून तिथेच होता. तिला खरंच वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं, आणि माझी ती लाडकी ताईच होती. तरी माझ्या पायांना उडी मारावीशी वाटली नाही.

मी जिन्याकडे तोंड करून जोरात हाक मारली. आवाज चांगला मोठा निघाला.

"बाबा! जरा खाली या. ताई मला शब्द देतेय. साक्षीदार हवाय."