बाबा जेवली

ट्यूनिस, ट्यूनिस, पाच सीट.

रविवार. लझहरची गाडी नंबरात पहिली. आठ सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, हा आमच्या सिलियानाच्या टॅक्सीस्टँडचा कायदा. फोन रविवारी जेवणं झाल्यावरच येणार, हा त्या दुसऱ्या घरचा कायदा. या दोन कायद्यांच्या मध्ये लझहर गाडीभोवती फिरत होता. टायरला लाथ. काच पुसली. पुसलेली काच पुन्हा पुसली. त्याची बायको सालहा पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर फोन, रुमालाच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

वाजला. सालहानं आवाज मोठा केला.

"आलो," लझहर म्हणाला. आमच्याकडे फोन उचलला की हेच म्हणतात. "आलो? काय गं बाबा, ओळखलंस का?"

पलीकडे नुसता श्वास. मग दोर्साफ, त्यांची पोर. तिसरं लागलेलं, आवाज चिमणीएवढा, पण ठाम.

"बाबा जेवली."

लझहरचा हात काचेवर थांबला.

"जेवला म्हण," तो म्हणाला. "बाबा जेवला."

"बाबा जेवली."

मग भांड्यांचा आवाज, मग त्या घरची झोहरामावशी: पोरगी पेंगुळली आहे, छान आहे, काळजी करू नका, पुढच्या रविवारी बोलू. बंद.

सालहा हसली. हसता हसता खोकली. अजून जेवला-जेवली कळत नाही तिला, म्हणाली.

लझहर हसला नाही. "मी तर इथं उपाशी उभा आहे," तो म्हणाला. "मग जेवला तो कोण?"

ट्यूनिस, तीन सीट.

मागचं सांगायला हवं, पण गाडी भरत आली आहे तेव्हा थोडक्यात. सालहाच्या छातीत रोग निघाला, तिला दूरच्या इस्पितळात ठेवली. आत लेकराला मनाई. लझहरची आई वारलेली, बहीण इटलीत. त्यानं पोरीला गाडीत पुढच्या सीटवर बांधली आणि धंदा चालू ठेवला. सिलियाना, ट्यूनिस, सिलियाना. प्रवासी तिला खजूर द्यायचे, बिस्किटं द्यायचे, ती त्यांच्या मांडीवर झोपायची. आम्हाला सगळ्यांना कौतुक. एका प्रवासी बाईला नव्हतं. तिनं बालरक्षण कचेरीत कळवलं की एवढंसं मूल दिवसभर रस्त्यावर असतं, ऊन खातं, धूर खातं. खोटं काय होतं त्यात? न्यायाधीशानं दोर्साफला बेजा शहरात एका घरी ठेवली, आई बरी होईपर्यंत. सरकारनं नेमलेलं घर, म्हातारं जोडपं, ताहरकाका आणि झोहरामावशी.

सुरुवातीला लझहर कचेरीत भेटायला जायचा. भेट संपली की पोर असा आकांत करायची की चौकीदार उठून उभा राहायचा. मग कचेरीतल्या बाई म्हणाल्या, तिच्या मनासाठी काही दिवस नुसता फोन ठेवू.

काही दिवसांचे महिने झाले. आता सालहा घरी आली होती, डॉक्टरांनी मोकळी केली होती, न्यायाधीशाची तारीख जवळ आली होती. सगळं मार्गी लागत होतं, आणि हा माणूस गाडीभोवती

ट्यूनिस, एक सीट.

फिरत होता.

बाबा रडली.

हा पुढचा रविवार. लझहरनं या वेळी व्याकरण सोडून दिलं. "कोण रडलं, बाबा?" त्यानं विचारलं.

"बाबा. बाबा रडली."

"का?"

अडीच वर्षांची पोरं 'का'ला उत्तर देत नाहीत, दुसरं काहीतरी सांगतात. तिनं पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं सांगितलं. मग झोहरामावशी: छान आहे, काळजी करू नका.

मन्वर, आमच्यातलाच एक ड्रायव्हर, शेजारच्या बोनेटवर बसून लब्लाबी, हरभऱ्याचं पातळ कालवण, खात होता. त्याची जीभ त्यातल्या हरिसाच्या ठेच्यापेक्षा तिखट. तो म्हणाला, "हुशार आहे की पोरगी तुझी. पंक्चर काढणारा बाप सोडला, पेन्शनवाला धरला."

कुणी हसलं नाही. लझहर गाडीत जाऊन बसला, सहाच सीट भरल्या असताना इंजिन सुरू केलं. हाळी देणाऱ्यानं बोनेटवर थाप मारून त्याला थांबवलं. इंजिन बंद. पुन्हा सुरू. बंद.

झोहरामावशीला सरळ विचार ना, मी त्याला म्हणालो; माझी गाडी नंबरात त्याच्या मागं. माझी पोरगी तुमच्या नवऱ्याला बाबा म्हणते का, एवढं एक वाक्य.

"आणि ती हो म्हणाली तर?"



बाबा दारात झोपली.

तिसरा रविवार. त्या दिवशी सालहासुद्धा हसली नाही. हा कसला माणूस, लझहर म्हणू लागला. जेवतो, रडतो, दारात झोपतो. पीत असेल. घरात घेत नसेल बायको. आणि माझी लेक हे बघते, बघून मला सांगते, मला, आणि मी काय करतो? जेवला म्हण, झोपला म्हण!

सोमवारी तो नंबर सोडून बेजाला गेला. कचेरीतल्या मादाम निहालना त्यानं सगळं सांगितलं: तो म्हातारा माझ्या मुलीकडून स्वतःला बाबा म्हणवून घेतो, तिच्यासमोर रडतो, उंबऱ्यावर पडून असतो. मादामनी विचारलं, तुम्ही पाहिलंत? तो म्हणाला, कानांनी ऐकलं. माझ्या मुलीच्या तोंडून. मूल खोटं बोलतं का?

मूल खोटं बोलत नाही, मादाम म्हणाल्या. अशी तक्रार आली की त्यांना हात बांधून बसता येत नाही. पोरीला त्या घरातून काढायची, तारीख येईपर्यंत सरकारी केंद्रात ठेवायची. गुरुवारी.

संध्याकाळी लझहर स्टँडवर आला तो जिंकून आल्यासारखा. आम्हाला कॉफी पाजली. सालहा भिंतीला टेकून ऐकत होती.

"केंद्रात रात्री तिच्याजवळ कोण झोपणार?" तिनं विचारलं.

लझहरनं ते विचारलं नव्हतं. केंद्रात बायका पाळीनं येतात आणि पाळी संपली की जातात, हे मन्वरला माहीत होतं. एरवी त्यानं लगेच सांगितलं असतं.

बेजा, बेजा. सीट नाहीत.

गुरुवारी गाडी मी चालवली. लझहरला किल्ली लावता येईना. तो मागे बसला, मग पुढे आला, मग थांबव म्हणाला, मी थांबवली, तर म्हणाला थांबलास कशाला. सालहा खिडकीतून कापलेली शेतं बघत होती. पोरगी मला ओळखेल का, असं तिनं सगळ्या रस्त्यात एकदाच विचारलं, तेही मला.

कचेरीत आम्ही आधी पोचलो. मी बाहेर थांबणार होतो, सालहानं आत ओढलं. मादाम टेबलामागे. खुर्च्या प्लास्टिकच्या. लझहर बसला नाही.

मग ते आले. ताहरकाका म्हणजे मूठभर माणूस, डोक्यावर लाल शेशिया टोपी, हातात पोरीच्या कपड्यांची पिशवी. झोहरामावशीचे डोळे सुजलेले. त्यांना तक्रारीचं कळलं होतं. दोघं लझहरकडे बघत नव्हते. आणि मध्ये दोर्साफ. केस वाढलेले. एका पायात बूट, दुसरा हातात.

ताहरकाका वाकले. "घाल की गं बाबा," ते हळूच म्हणाले. "एकच बूट घालून कसं चालेल, बाबा?"

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि कुणाच्याच कानाला खटकलं नाही. खटकणार कसं? माझा बाप मला बाबा म्हणायचा. मी माझ्या पोरांना बाबा म्हणतो. लझहर तर गाडीत पुढच्या सीटवरच्या त्या गाठोड्याला दिवसभर दुसरं काही म्हणतच नव्हता: झोप बाबा, पाणी पी बाबा, बाहेर बघ बाबा, गाढव. आमच्याकडे बाप लेकराला स्वतःच्याच नावानं हाक मारतो, आणि आपण हे करतो ते आपल्याला ऐकूही येत नाही.

पोरगी जमिनीवर फतकल मारून बसली. बूट छातीशी धरला.

"बाबा नाही घालत," ती म्हणाली. "बाबा घरी जाते."

सालहा खाली बसली. तिला सगळ्यांच्या आधी कळलं. ती पोरीला शिवली नाही, फक्त विचारलं, "बाबा कोण?"

दोर्साफनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये. मग बुटाच्या टाचेनं स्वतःच्या छातीवर ठोकलं.

"बाबा."

लझहर खुर्चीवर बसला. खुर्ची नव्हती तिथं, मी त्याला धरला.

"मग यांना काय म्हणते ती?" मादामनी ताहरकाकांकडे बोट केलं.

"शेशिया," म्हातारा म्हणाला. "टोपी दिसते तिला, माणूस दिसत नाही."

"आणि तुमचं रडणं? दारात झोपणं?"

झोहरामावशी पहिल्यांदा लझहरकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग होता तेवढाच थकवाही होता. "ती झोपते दारात. तुमचा फोन बंद झाला की बूट घेऊन दारात जाऊन बसते. रडते, आणि तिथंच डोळा लागतो. मी उचलून आणते. मला वाटायचं, ती तुम्हाला सांगतेच आहे, तुम्ही ऐकताय. म्हणून मी आपली छान आहे, छान आहे म्हणायची. आणखी कशाला जीव जाळायचा तुमचा?"

मी मनात तिन्ही रविवार परत फिरवत होतो. लझहरही तेच करत असणार, त्याचे ओठ हलत होते. जेवली. रडली. दारात झोपली. रात्री झोपते का, रडते का, आपली आठवण काढते का, हे हा माणूस गाडीभोवती फिरून स्वतःला विचारत होता, आणि पोरगी फोनवर त्याचीच उत्तरं देत होती, बरोबर व्याकरणात. आणि तो ते दुरुस्त करत होता.

मादाम पुढं बोलल्या त्या सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. लेखी तक्रार तुमची आहे, मला ती रद्द करता येत नाही. ती उभी राहिली तर मुलगी आज केंद्रात जाईल, आणि न्यायाधीशांसमोर तुम्ही जागरूक बाप ठराल. मागे घेतलीत तर मुलगी या दोघांबरोबर परत जाईल. पण मला सांगावं लागेल की बापानं भल्या माणसावर आळ घेतला आणि चार दिवसांत गिळला. असा माणूस मूल सांभाळेल का, असं ते विचारतील. घरी येणं लांबेल. किती, ते माझ्या हातात नाही.

सालहा जमिनीवरून वर बघत होती. ती एवढ्या महिन्यांनी पोरीपासून हातभर अंतरावर होती.

"मादाम," लझहर म्हणाला, "न्यायाधीशांना सांगा, बापाला व्याकरण येत नाही."

मादामनी विचारलं, म्हणजे मागे घेता?

त्यानं ताहरकाकांच्या हातातली पिशवी घेतली. मला वाटलं फेकणार. त्यानं ती खांद्याला लावली. "गाडी आहे," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "घरापर्यंत सोडतो." माफी मागितली नाही. ताहरकाकांनी मान हलवली. तीही धड हो नव्हती.

झोहरामावशी खाली वाकल्या. "बघ गं, हा कोण आलाय?"

दोर्साफनं त्याला पायापासून वर पाहिलं. काही नाही. चेहऱ्यावर कुठलीच खूण नाही. सालहाला तर तिनं नावच ठेवलेलं नव्हतं. फोनवर सालहा बोलायला गेली की खोकला यायचा आणि ती फोन दूर धरायची.

"काय गं बाबा," लझहर म्हणाला. आवाज असा की मलाच नीट ऐकू आला नाही. "ओळखलंस का?"

पोरगी दचकली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, हातात फोन नव्हता, मग पुन्हा तोंडाकडे. उठली. बूट पुढं केला, घालून दे म्हणून.

"आलो," तिनं त्याला नावानं हाक मारली.

"आलो," तो म्हणाला. "आलो, बाबा."

ट्यूनिस, ट्यूनिस, दोन सीट.

तारीख लांबून ऑलिव्हच्या तोडणीनंतरची, थेट हिवाळ्यातली, पडली आहे. तोपर्यंत पंधरवड्याला भेट, आणि रविवारी फोन. लझहरचं फिरणं थांबलेलं नाही. पूर्वी त्याला काही कळत नव्हतं म्हणून फिरायचा, आता सगळं कळतं म्हणून फिरतो. सालहा गाठी मारते, सोडते. फोन आता ती तोंडाशी धरते, खोकला आला तरी.

आज वाजला तेव्हा आठवा प्रवासी नुकताच चढत होता. लझहरनं त्याला हातानं थांबवलं. गाडी भरलेली, बोनेट तापलेलं, मन्वरनंही लब्लाबीचा चमचा खाली ठेवला.

"आलो. बाबा जेवली?"

"बाबा जेवली."

"बाबा रडली?"

पलीकडे श्वास. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची चिवचिव.

"थोडी," दोर्साफ म्हणाली.