उलटसुलट चारशे बारा

कर्वेनगरातल्या माझ्या लॉटरीच्या दुकानात दिवसभर तेच तेच सांगून तोंड दुखतं. सरळ खेळलात तर आकडे त्याच क्रमाने लागले पाहिजेत. उलटसुलट खेळलात तर क्रम कसाही चालतो, पण तीन वेगळ्या आकड्यांचे सहा क्रम होतात, म्हणून बक्षीसही सहावा हिस्साच. एवढं सांगूनही नंबर लागला की लोक भांडायला येतातच, "एवढंच?"

परचुरेकाकांना मात्र हे कधी सांगावं लागलं नाही. रिटायर्ड माणूस. रोज एकच तिकीट, स्वतःच्या फ्लॅटचा नंबर, चारशे बारा, तोही सरळ. शेजारी कुणी उलटसुलट मागितलं की ते तिरकसपणे विचारायचे, "घरचा पत्ताही असाच लिहिता का हो?"

आज संध्याकाळी ते भाजीची पिशवी घेऊन आले.

"चार, एक, दोन. उलटसुलट द्या."

मी आधीच वैतागलेलो होतो. "काका, आता तुम्हीसुद्धा? अहो, बक्षीस सहावा हिस्सा होईल."

"होऊ दे. तिकिटावर सगळे क्रम छापून येतात ना?"

"येतात की."

तिकीट घेऊन ते तिथेच उभे राहिले, एकेका नंबरावर बोट ठेवत. मागचे लोक कुरकुरायला लागले.

"काका, बाजूला व्हा बघू. निकाल उद्या आहे."

त्यांनी तिकीट माझ्यापुढे धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"यातलं माझं घर कोणतं हो?"